लेक म्हणते, पांढऱ्या अस्वलांवर काम करायचंय

पत्र

नमस्कार ताई. आम्ही खानापूर तालुक्यात लोंढ्याच्या अलीकडे राहतो. घरची भातशेती, थोडे काजू. मी अंगणवाडीत आहे. थोरली मुलगी बेळगावात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, झूऑलॉजी घेऊन. दहावीपर्यंत मराठी शाळेत, पीयूसीपासून, म्हणजे अकरावीपासून, इंग्रजीत. आम्हाला वाटत होतं, बी.एड. करील, जवळच कुठल्या तरी हायस्कुलात लागेल. आता वर्षभर एकच धरून बसलीय, ध्रुवावरच्या पांढऱ्या अस्वलांवर रिसर्च करणार. भिंतीवर पोस्टर लावलंय. तिचे वडील बोलत नाहीत, पण रागात आहेत. सासूबाई म्हणतात, पोर थंडीनं गारठून मरेल. धाकटा म्हणतो, तू शिकून येईपर्यंत अस्वलंच संपतील की. आणि माझ्या दिरांनी व्हॉट्सॲपवर आलेलं दाखवलं, अस्वलं उलट वाढलीत, हे सगळं थोतांड आहे म्हणून. खरं काय? असलं शिक्षण असतं का तरी? आमच्यासारख्यांच्या पोरीला जमणारं आहे का? स्थळंही येऊ लागलीत. तिला समजावू की सोडून देऊ, सांगा की.

एक आई, खानापूर तालुका

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात घरातल्या सगळ्यांचं म्हणणं आलंय. फक्त मुलीला त्या अस्वलांमधलं नेमकं काय शोधायचंय, ते आलेलं नाही. तुम्ही विचारलं नसेल किंवा तिला सांगता आलं नसेल. माझा सगळा सल्ला त्यावर अडलाय, पण आधी दीर आणि धाकटा यांचा वाद मिटवू. तो सोपा आहे.

दोघांचंही निम्मं बरोबर आहे. जगात पांढरी अस्वलं साधारण २६,००० असावीत, असा अंदाज आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१५ साली दिला. खरा आकडा २२,००० ते ३१,००० यांच्यात कुठंही असू शकेल, हेही तेव्हाच सांगून टाकलं. कॅनडा, डेन्मार्ककडचं ग्रीनलंड, नॉर्वे, रशिया आणि अमेरिकेचं अलास्का एवढ्याच मुलखात ती राहतात. गेल्या शतकात कातड्यासाठी आणि हौसेखातर त्यांची बेसुमार शिकार झाली. १९७३ साली ऑस्लोत या पाच देशांनी करार केला, शिकारीला लगाम बसला आणि काही भागांत अस्वलं पुन्हा वाढली. दिरांच्या मेसेजमध्ये इथवरचं आहे, पुढचं कापलेलं आहे.

कॅनडातल्या हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर चर्चिल नावाचं गाव आहे. तिथल्या अस्वलांचा अभ्यास जगात सगळ्यात जास्त झालाय. १९८०च्या दशकात तिथं सुमारे १,२०० अस्वलं होती. २०१६च्या मोजणीत ८४२ भरली आणि २०२१च्या मोजणीत ६१८. हे धाकट्याच्या बाजूचं. कारण असं की, अस्वल पोहण्यात कितीही पटाईत असलं तरी उघड्या पाण्यात सील त्याच्या हाती लागत नाही. सील श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी वर येतो आणि अस्वल तिथंच दबा धरून असतं. बर्फ नाही तर शिकार नाही. हडसन उपसागराचा बर्फ उन्हाळ्यात पूर्ण वितळतो, मग अस्वलं किनाऱ्यावर येऊन उपाशी राहतात. हे पूर्वापार चालत आलंय, पण आता हा उपासाचा काळ लांबलाय. तिथल्या २० अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बांधून केलेला एक अभ्यास २०२४ साली छापून आला. कोणी बोरांसारखी रानफळं खाल्ली, कोणी पक्षी खाल्ले, कोणी नुसतं झोपून काढलं. २० पैकी १९ अस्वलांचं वजन घटलं, दिवसाला सरासरी किलोभर.

पण अलास्का आणि रशिया यांच्यामधल्या चुकची समुद्रातली अस्वलं बर्फ कमी होऊनही बरीच वर्षं धष्टपुष्ट राहिली. तो समुद्र उथळ आहे, खाणं मुबलक, सील भरपूर. म्हणून शास्त्रज्ञ सगळ्या अस्वलांबद्दल एकदम बोलत नाहीत. त्यांनी वीस गट मानलेत आणि प्रत्येकाची गत निराळी. विसावा गट तर अगदी २०२२ साली नोंदला गेला, ग्रीनलंडच्या आग्नेय किनाऱ्यावर. समुद्राचा बर्फ नसतो तेव्हा हिमनद्यांतून तुटून पडलेल्या बर्फावरून ती अस्वलं शिकार करतात. ते काम क्रिस्टिन लेड्रे या बाईंच्या नेतृत्वाखाली झालं. रशियाच्या किनाऱ्यावरच्या काही गटांची तर धड मोजणीच झालेली नाही. तेव्हा धाकट्याला सांगा, तुझी बहीण शिकून येईपर्यंत अस्वलं संपत नाहीत. काही ठिकाणी कमी झालेली असतील आणि किती कमी झाली, हे सांगायला माणसं लागतीलच.

आता ते काम कसं असतं, ते बघा. पोस्टरवर दिसतं तसं नसतं.

हिवाळा सरता सरता हेलिकॉप्टरमधून बर्फावरचा माग काढत जातात. अस्वल दिसलं की खाली उतरत येऊन बंदुकीतून गुंगीच्या औषधाची सुई मारतात. थोड्या वेळानं मादी मागच्या पायांवर बसते, मग डोकं टेकते. बरोबर पिल्लं असली तर ती पळून जात नाहीत, आईला चिकटून राहतात. गुंगीत तिच्या पापण्या मिटत नाहीत, म्हणून डोळ्यांत मलम घालून वरून कापड टाकतात. मग घाई. टेप घेऊन छातीचा घेर मोजायचा, नाकापासून शेपटीपर्यंत लांबी, जाळीत घालून टांगून वजन. रक्त, केसांचा पुंजका, चरबीचा बारीक तुकडा. कानात बिल्ला मारतात आणि वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला नंबर गोंदतात, कारण बिल्ला कधी ना कधी पडतोच. सुळ्यामागे एक बारकासा दात असतो, अस्वलाला त्याचा काही उपयोग नसतो, तो उपटून घेतात. प्रयोगशाळेत त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की सागाच्या बुंध्यात असतात तशी वर्षावर्षाची वर्तुळं दिसतात. ती मोजली की वय कळलं. इतकंच नाही, ज्या वर्षी मादी पिल्लं पोसत होती त्या वर्षीचं वर्तुळ अरुंद पडतं. आईनं लेकरांसाठी काढलेली वर्षं दातात उमटलेली असतात, ताई. हे वाचलं तेव्हा मला बराच वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारा पट्टाही गळ्यात घालतात, पण फक्त मोठ्या माद्यांच्या. नराची मान डोक्याहून जाड असते, तो पट्टा सरळ ओढून काढून टाकतो. त्यामुळे नर कुठंकुठं भटकतात, याची माहिती वर्षानुवर्षं तुटपुंजीच राहिली. शिवाय तिथल्या मूळच्या इन्युइट लोकांपैकी अनेकांना अस्वलाला असं गुंगवणं, हाताळणं पटत नाही. म्हणून हल्ली काही ठिकाणी काटेरी तारेला अडकलेले केस, विष्ठा, दुरून मारलेल्या सुईत आलेला कातडीचा ठिपका, अगदी पावलाच्या ठशातला बर्फ वितळवून त्यातून मिळालेला डीएनए, अशावरही काम भागवतात.

आणि हे सगळं वर्षातले थोडेच आठवडे. बाकीचे महिने खोलीत, संगणकासमोर. मोजणीचं साधं गणित सांगते. पहिल्या वर्षी ५० अस्वलांना खूण केली. पुढच्या वर्षी ४० पकडली, त्यात १० खुणेची निघाली. म्हणजे चारातलं एक खुणेचं, म्हणून एकूण अस्वलं साधारण २००. आता यात मेलेली, नवी जन्मलेली, शेजारच्या गटात निघून गेलेली आणि हेलिकॉप्टरचा आवाज ऐकून लपणारी घाला. मग ते गणित पानंच्या पानं चालतं. संशोधन म्हणतात ते मुख्यतः हेच. तुमच्या मुलीला अस्वल आवडतं, हे पोस्टरवरून कळलं. हे गणित आवडतं का, ते तिला आजच विचारा. नसेल आवडत तर तिचं चुकलं असं काही नाही, पण मग तिनं फोटोग्राफी करावी, शाळेत मुलांना प्राण्यांविषयी शिकवावं, हा रस्ता धरू नये.

आता एक कटू गोष्ट, जी कॉलेजात कोणी तिला सांगितली असेल असं वाटत नाही. पांढरं अस्वल त्या पाच देशांचं आहे, परवाने त्यांचे, पैसा त्यांचा, आणि अस्वलांवर आयुष्य काढणाऱ्या जागा जगभरात फार थोड्या. भारतातून थेट तिथं पोचणं अवघड आहे. अशक्य म्हणत नाही मी. पण आपल्या देशाचं उत्तर ध्रुवाकडचं काम चालतं ते पाणी, बर्फ, हवा, सूक्ष्मजीव आणि प्लवकांवर. प्लवक म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे बारीक जीव. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर नी-ओलेसुंद या वस्तीत ‘हिमाद्री’ हे आपलं केंद्र जुलै २००८ मध्ये सुरू झालं. २०१४ साली तिथल्या कोंग्सफ्योर्ड खाडीच्या पाण्यात मोजमापाची यंत्रंही सोडली. या सगळ्याचा कारभार जिथून चालतो ती संस्था, राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, कुठं आहे माहीत आहे? वास्कोला. तुमच्या लोंढ्यावरून कॅसलरॉक, दूधसागर करत गाडी जिथं संपते तिथं, हेडलँड सड्यावर. तालुक्यातली निम्मी माणसं त्या गाडीनं कामाला जातात-येतात आणि आपल्याला वाटतं, उत्तर ध्रुव म्हणजे जगाच्या पलीकडे.

मुलगी म्हणेल, पण मला अस्वल पाहिजे, प्लवक नको. तिला हे वाचायला द्या. समुद्रबर्फाच्या खालच्या अंगाला सूक्ष्म शैवाल चिकटून वाढतं. ते शैवाल बारीक कवचधारी जीव खातात, त्या जिवांना ध्रुवीय कॉड नावाचा मासा, माशाला सील आणि सीलला अस्वल. अस्वलांच्या यकृतातले रासायनिक माग काढून बघितले तर त्यांच्या अंगातला बहुतांश कार्बन त्या बर्फाखालच्या शैवालातूनच आलेला निघतो. म्हणजे जो शैवाल मोजतो तोही अस्वलच मोजत असतो, फक्त फोटो बरा येत नाही. १९८३ साली निघालेल्या भारताच्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत पहिल्यांदा दोन बाया गेल्या. त्यातल्या अदिती पंत मूळच्या नागपूरच्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या. असल्याच सूक्ष्म वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या.

तिच्या वडिलांना मात्र शैवालाचं सांगू नका, पावसाचं सांगा. सप्टेंबरात भात निसवून उभं असताना कोसळणारा पाऊस त्यांना काय तो माहीत आहे. वास्कोच्या याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली मांडलं की, उन्हाळ्यात रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला बर्फ कमी होणं आणि मध्य भारतात मोसमाच्या अखेरीला अतिवृष्टी होणं यांचा संबंध असू शकतो. हे अजून सिद्ध झालेलं नाही, संबंध दिसतोय एवढंच. पण पोरीचं काम म्हणजे चैन नव्हे, एवढं त्यांच्या ध्यानात येईल.

‘आमच्यासारख्यांच्या पोरीला जमेल का’ असं तुम्ही लिहिलंय. एक गोष्ट सांगते. अलास्काच्या उत्तर टोकाला तेव्हाच्या बॅरो गावातले इनुपियाट लोक पिढ्यान् पिढ्या बोहेड देवमाशाची शिकार करून जगत आले. १९७७ साली आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगानं त्यावर बंदी घातली, कारण शास्त्रज्ञांच्या हिशेबानं ते देवमासे दोन हजारसुद्धा उरले नव्हते. गावकरी म्हणाले, तुम्ही बर्फाच्या कडेला बसून फक्त उघड्या पाण्यातले मोजता. पुष्कळ मासे बर्फाखालून जातात, डोक्यानं बर्फ फोडून श्वास घेतात, ते तुम्हाला दिसतच नाहीत. मग पाण्यात ध्वनिग्राहक सोडले आणि कोणी फिरकत नाही म्हणत होते तिथून देवमाशांचे आवाज आले. २००१च्या मोजणीत आकडा १०,०००च्या वर गेला. जंगलाच्या कडेला वाढलेल्या माणसाला जनावराबद्दल जे कळतं त्याला विज्ञानात किंमत आहे, फक्त ते मोजून दाखवावं लागतं. मराठी शाळेचं मनावर घेऊ नका. शोधनिबंधांचं इंग्रजी बाकीच्यांनाही पहिल्या वर्षी कळत नाही.

तेव्हा या वर्षी तिनं काय करावं? पहिलं म्हणजे संख्याशास्त्र. ‘आर’ नावाची संगणकप्रणाली फुकट मिळते, प्राणिशास्त्रातले बहुतेक लोक तीच वापरतात, तिनं ती शिकायला घ्यावी. ‘मूव्हबँक’ या संकेतस्थळावर पट्टे लावलेल्या प्राण्यांच्या हालचालींची माहिती मोफत उतरवून घेता येते, त्यावर हात बसवावा. ‘झूनिव्हर्स’ या संकेतस्थळावर चर्चिलजवळच्या बेलुगा देवमाशांचे पाण्याखालचे फोटो बघून वर्गवारी करण्याचं काम कोणालाही करता येतं, घरात बसून, फोनवर. शंभर फोटोंनंतर कंटाळा येतो का, हे तिचं तिला कळेल. कोणाला दाखवायला नाही, स्वतःला कळायला.

आणि अस्वल? ते तुमच्या घरामागेच आहे की. भीमगडच्या रानात अस्वलं आहेत आणि अस्वलानं कोणाला फाडल्याची बातमी आपल्या तालुक्याला नवी नाही. आपलं अस्वल वाळवी आणि मुंग्या खातं, फळं खातं. त्याची विष्ठा चाळणीत धुतली की वाळवीची डोकी आणि बिया वेगळ्या निघतात, कुठल्या महिन्यात ते काय खातं ते कळतं. हेच तंत्र पांढऱ्या अस्वलालाही लावतात. पण एकटीनं रानात पाऊल टाकायचं नाही. अभयारण्य आहे, प्राध्यापकांमार्फत फॉरेस्टवाल्यांची परवानगी काढायची आणि गार्डबरोबरच जायचं. घरी सीमाप्रश्नावर काय मत असेल ते असो, इथं रानात काम करायचं तर कन्नड चांगलं यायला हवं.

पैशाचं सांगते. एम.एस्सी.चा खर्च तुमचा, त्यातून सुटका नाही. पुढं नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी. करताना महिन्याला ३७,००० रुपये मिळतात आणि वर घरभाडं. २०२३ पासून हा दर आहे. मात्र परीक्षा कठीण आहे आणि पीएच.डी.नंतर पक्क्या नोकऱ्या कमी, बरंचसं काम प्रकल्पावर, कराराचं. हे तिच्या वडिलांपासून लपवू नका. नंतर कळलं तर जास्त चिडतील.

सासूबाईंना सांगा, नी-ओलेसुंदला उष्ण समुद्रप्रवाह पोचतो, त्यामुळे जुलैत तिथं पाच-सहा अंश असतं. हिवाळ्यात शून्याखाली जातं, पण माणसं राहतात, घरं ऊबदार असतात. वस्तीबाहेर पडायचं तर अस्वलापासून बचावासाठी बंदूक बाळगतात आणि त्याचं शिक्षण आधी देतात. वस्तीतली दारं कुलूप न लावता ठेवतात, अस्वल आलंच तर कोणाच्याही घरात शिरता यावं म्हणून. यातलं किती सांगायचं ते तुम्ही ठरवा.

स्थळांचं मला विचाराल तर दोन वर्षं थांबा. एम.एस्सी. होऊ द्या. थांबायला तयार नसलेलं स्थळ महिनाभर समुद्रावर जाणारी सून चालवून घेईल, असं मला वाटत नाही.

कारवारला कोडीबागेत कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा पदव्युत्तर विभाग आहे. माझ्या मते पहिला अर्ज तिथं जावा. दुसरा गोवा विद्यापीठात, तिथं प्रवेशपरीक्षा असते. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत आणि देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत वन्यजीवशास्त्राचं एम.एस्सी. आहे. जागा मोजक्या असतात, तरी फॉर्म भरायला हरकत नाही. बी.एड. पळून जात नाही, एम.एस्सी.नंतरही करता येतं. अर्ज भरण्याआधी एक दिवस काढून कारवारचा विभाग बघून या. बरोबर तिच्या वडिलांना न्या, तुम्ही घरी थांबा. प्रयोगशाळा बघतील, शिकवणाऱ्यांना फी विचारतील, आणि येताना बसमध्ये चार-पाच तास दोघांना बोलायला मिळतील.